सरकारी काम वेळेत कसं होईल? गोव्यातल्या नागरिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाखला अडला, फेरफार रखडला, मानधन थांबलं. पेडण्यापासून काणकोणपर्यंतची माणसं आम्हाला असे प्रश्न विचारत असतात. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास येतो: हे सरकार सुधारणार कधी? दोन्ही प्रकारचे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत, कारण आमच्या लेखी ते वेगळे नाहीत. प्रत्येक अर्जाला निकालाची तारीख हवी, नावानिशी जबाबदार अधिकारी हवा आणि नकार असेल तर त्याचं लेखी कारण हवं. खालची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींपाशी येतात.

1. सरकारची कार्यक्षमता म्हणजे काम भरभर होणं, एवढंच ना?

नाही. नाव चुकवून दोन दिवसांत दिलेला दाखला बरोबर करून घ्यायला पुढं दोन महिने जातात. बरोबर निर्णय, पहिल्याच खेपेत, कुणाची ओळख न लावता मिळाला, तर कचेरी कार्यक्षम. कचेऱ्यांचे अहवाल किती अर्ज निकाली निघाले ते सांगतात, पण फेटाळलेला अर्जही निकालीच धरला जातो. अर्जदाराला किती हेलपाटे पडले आणि कागद हातात यायला किती दिवस लागले, ते मोजायला हवं. सांगेच्या आतल्या गावातल्या मजुराचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि बसचं भाडं. हा खर्च सरकारच्या कुठल्याच हिशेबात येत नाही.

2. गोवा एवढंसं राज्य. मग कामाला इतका वेळ का लागतो?

3,702 चौरस किलोमीटर, 12 तालुके, 191 पंचायती आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे 14 लाख 58 हजार माणसं. आकडे लहान आहेत, पण राज्य लहान म्हणून खाती कमी होत नाहीत. मोठ्या राज्यात जी कामं चार अधिकाऱ्यांत वाटली जातात, ती इथं एकाच टेबलावर येतात.

मामलेदाराचंच घ्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जमिनीचे फेरफार ही कामं लोकांना दिसतात. त्याशिवाय मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) आणि कुळांचे खटले चालवायचे, दंडाधिकारी म्हणून बंदोबस्ताला उभं राहायचं, मतदारयादीचं काम बघायचं, पावसाळ्यात झाड पडलं की धावायचं. आणि पोर्तुगीज राजवटीतल्या 1933 च्या देवस्थान नियमांनुसार तालुक्यातल्या देवस्थानांचे प्रशासकही तेच. जत्रेच्या मानपानावरून महाजनांत (देवस्थानच्या सभासदांत) वाद झाला की मामलेदार तिकडं, आणि कचेरीत सहीला आलेल्या फायली टेबलावर. हा त्या माणसाचा आळस नव्हे. एका पदावर पाच पदं चढवून ठेवल्याचा हा परिणाम आहे.

म्हणून आमचं पहिलं मागणं असं: खटल्यांचं काम आणि दाखल्यांचं काम वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडं द्या. संयुक्त मामलेदारांची पदं आहेत, पण त्यांच्यातही कामाची सरमिसळच होते. दाखल्याची सही कुणा एकाच्या दौऱ्यावर अडून राहता कामा नये.

3. आमदारांना सांगितलं की काम होतं. मग कायदा, अर्ज, अपील या फंदात कशाला पडायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा अनुभव खराच असतो. विधानसभेत 40 आमदार आहेत. म्हणजे सरासरी 36 हजार माणसांमागे एक आमदार. महाराष्ट्रात तोच हिशेब 3 लाख 90 हजारांच्या आसपास जातो. गोव्यात आमदार आपल्याला नावानं ओळखतो, चवथीला घरी येतो. लोकप्रतिनिधी इतका जवळ असणं हे या राज्याचं भाग्य आहे, ते गमावू नये.

पण दाखल्यासाठी आमदाराच्या घरी सकाळी रांग लागते तेव्हा काय होतं ते बघा. आमदाराच्या माणसाचा फोन जातो, एक फाइल वर येते आणि तिच्याखालची सगळी एकेक जागा मागं सरकतात. ज्याला फोन करवून घेता येत नाही, तो मागंच राहतो. कचेरीलाही सवय लागते: फोन आला नाही म्हणजे घाई नाही. वर आमदाराचा जो वेळ कायदे आणि अर्थसंकल्प तपासण्यात जायला हवा, तो सहीसाठी शिफारशी करण्यात जातो.

आमदाराकडं जरूर जा, पण वेगळं मागणं घेऊन जा. "माझी फाइल काढून द्या" याऐवजी "आमच्या तालुक्यात फेरफाराचे किती अर्ज मुदतीबाहेर पडून आहेत, ते विधानसभेत विचारा" असं सांगा. त्या प्रश्नाचं उत्तर खात्याला लेखी द्यावं लागतं, आणि एका फाइलऐवजी सगळ्याच हलतात.

4. सरकारी सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा कायदा गोव्यात आहे का?

आहे. 2013 पासून आहे, पण पुष्कळांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. नागरिकांना सार्वजनिक सेवा कालबद्ध रीतीनं मिळण्याचा हक्क देणारा हा गोव्याचा स्वतःचा कायदा. असा पहिला कायदा मध्य प्रदेशानं 2010 मध्ये केला, मग बऱ्याच राज्यांनी तो उचलला. त्यात सेवा, तिची मुदत आणि ती देण्यास जबाबदार अधिकारी ठरवलेले असतात. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागता येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कायदा फक्त अधिसूचित सेवांना लागू होतो, म्हणून आपली सेवा यादीत आहे का ते आधी विचारा. आणि मुदत मोजायची ती सगळे कागद जोडलेला अर्ज दिल्यापासून. त्यामुळं पोच (प्रश्न 5) आणि त्रुटीपत्र (प्रश्न 6) यांच्यावाचून या कायद्याचा उपयोग होत नाही.

कर्नाटकात 2011 च्या 'सकाल' कायद्याखाली प्रत्येक अर्जाला क्रमांक मिळतो आणि त्यावरून अर्ज कुठं आहे ते कळतं. गोव्यातल्या प्रत्येक खिडकीवर मुदतीचा असा कागद आपणहून हातात पडायला हवा, मागावा लागू नये.

5. अर्ज दिला की हातात काय असायला हवं?

पोच, आणि ती पुरी. आमच्याकडं लोक झेरॉक्स घेऊन येतात. तिच्या कोपऱ्यात कचेरीचा गोल शिक्का असतो, तोही अर्धा उठलेला. खाली कुणाची तरी आद्याक्षरं. आवक क्रमांक नाही, तारीख नाही. हा कागद घेऊन अपिलात गेलात तर अर्ज कधी दिला तेच सिद्ध होत नाही. पोचेवर आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव किंवा हुद्दा, आणि जोडलेल्या कागदांची संख्या असावी. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. "सोबत 7 कागद" असं लिहून घेतलं की पुढं "तुम्ही तो उतारा दिलाच नव्हता" हे कुणाला म्हणता येत नाही.

खिडकीवर पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

6. दर खेपेला नवाच कागद मागतात. काय करावं?

"काय काय कमी आहे ते एकदाच लिहून द्या" असा एक ओळीचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. तोंडी सांगितलेल्या त्रुटीला कुणी जबाबदार नसतं. लेखी यादी दिली की तिच्यात भर घालताना कारकून दहादा विचार करतो.

गोव्यातली हमखास अडचण म्हणजे नावातला फरक. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत आजोबांचं आडनाव 'सिनाय कामोती', शाळेच्या दाखल्यावर वडील 'शेणय कामत', आधार कार्डावर नातू नुसता 'कामत'. घराणं एकच, पण कचेरीच्या दृष्टीनं तीन निरनिराळी घराणी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असा दाखला, ज्याला इथं सगळे डायव्हर्जन्स सर्टिफिकेट म्हणतात, तो वेळेवर काढून ठेवा. नावच बदलायचं असेल तर मात्र 1990 च्या नाव बदल कायद्याची वेगळी रीत आहे. या दोन्हींची गल्लत करू नका.

आमचं सरकारला सांगणं आहे की जो कागद सरकारच्याच एका खात्यानं दिलेला आहे, तो दुसऱ्या खात्यानं नागरिकाकडं मागू नये, आपसांत तपासून घ्यावा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरायचा, असा बदल केंद्राच्या कायद्यात झाला, तो याच दिशेनं.

7. सगळं ऑनलाइन केलं की प्रश्न सुटेल का?

काही सुटले आहेत. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या अधिकाराभिलेखाचा, उतारा काढायला पूर्वी तालुक्याला जावं लागे, आता तो घरबसल्या निघतो. गोवा ऑनलाइन पोर्टलवर बऱ्याच दाखल्यांचे अर्ज करता येतात. हे काम चांगलं झालं आहे.

पण ऑनलाइन अर्ज करून त्याची प्रिंट, जोडलेल्या कागदांच्या झेरॉक्ससह, कचेरीत आणून द्यायला सांगतात तेव्हा काम दुप्पट होतं. आधी टप्पे कमी करायला हवेत, संगणक नंतर. पाच जणांच्या सह्या लागणारी फाइल पोर्टलवर चढवली तरी ती पाच ठिकाणी थांबतेच. ज्येष्ठांसाठी आणि रेंज नसलेल्या गावांसाठी खिडकीवरचा कागदी अर्ज चालू राहायलाच हवा, याबद्दल आम्ही आग्रही आहोत.

8. जमीन घेतली, विक्रीखत नोंदलं. तरी एक-चौदावर नाव चढायला वर्ष का लागतं?

खत नोंदवलं म्हणजे अधिकाराभिलेखात नाव लागलं, असं नसतं. फेरफाराची कारवाई वेगळी असते, आणि तिचा जास्तीत जास्त वेळ जातो तो नोटिशीत.

एक फाइल उघडून बघू. एक-चौदाच्या उताऱ्यावर नऊ नावं. त्यातले चौघे वारले आहेत, त्यांच्या वारसांची नोंद कधी झालीच नाही. दोघे लंडनला, एक लिस्बनला, एक मुंबईत, आणि एकटाच गावात. नोटीस नऊही नावांना, उताऱ्यावरच्या पत्त्यावर जाते, आणि तो पत्ता म्हणजे नुसतं गावाचं नाव. पाकिटं परत येतात. कारकून ती फाइलला लावतो आणि पुढची तारीख देतो. तारखेला मामलेदार बंदोबस्तावर (प्रश्न 2). पुन्हा तारीख. या सगळ्यात फाइलवर प्रत्यक्ष काम होतं ते जेमतेम काही तासांचं. बाकीचा काळ ती पडून असते.

यातला आपल्या हातातला भाग असा: व्यवहार करण्याआधीच वारसांची नोंद लावून घ्या. गोव्यात वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (वारशाच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) यांसाठी 2012 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली वारसदारांचं जाहीरपत्र करता येतं. सह-हिस्सेदारांचे आजचे पत्ते अर्जासोबत स्वतः द्या. सरकारच्या हातातला भागही तितकाच सरळ आहे: मृत्यूची नोंद झाली की वारसांना फेरफाराची आठवण देणारं पत्र जावं. आज मृत्यूची नोंद एका दप्तरात, जमीन दुसऱ्यात, आणि दोन्ही दप्तरांचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्या मते या एका सुधारणेनं पुढच्या पिढीचे अर्धे दावे टळतील.

9. भाऊ परदेशात आहे. त्याच्या मुखत्यारपत्रावर काम होईल?

होईल. तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत ते साक्षांकित करून घ्या. कागद भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका. ही मुदत चुकली की चांगलं मुखत्यारपत्रही अडकतं.

10. फाइल कुठं अडली हे माहिती अधिकारात कसं विचारायचं?

"माझं काम का झालं नाही?" असं विचारू नका. कायद्यानं दप्तरात असलेली माहिती मिळते, कारणमीमांसा मिळत नाही. असं विचारा:

अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेली कारवाई तारीखवार द्यावी. अर्ज कोणकोणत्या अधिकाऱ्याकडं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, ते हुद्द्यासह द्यावं. फाइलवरच्या टिप्पणीच्या पानांच्या प्रती द्याव्यात. या सेवेची ठरलेली मुदत आणि जबाबदार अधिकारी यांची माहिती द्यावी.

शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पुष्कळदा उत्तर येण्याआधीच अडलेलं काम होऊन जातं, कारण आपल्या नावापुढं दिवस मोजले जाणार हे संबंधितांना कळतं. केंद्राचा कायदा 2005 चा असला तरी गोव्यानं 1997 मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्या परंपरेला साजेसं म्हणजे खात्यांनी ही माहिती न मागता संकेतस्थळावर ठेवावी. कायद्याचं कलम 4 तेच सांगतं.

11. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालतो का?

1987 च्या राजभाषा कायद्यानं कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही त्यात स्थान दिलं आहे. मराठीत अर्ज द्या, तो तुमचा हक्क समजूनच द्या. माहिती अधिकार कायद्याचं कलम मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं म्हणतं. काम तातडीचं असेल आणि भाषेवरून खुसपट निघण्याची भीती असेल, तर सोबत कोकणी किंवा इंग्रजी प्रत जोडा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली मागणी लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

12. "कागद सापडत नाही" असं उत्तर आलं तर?

पहिलं अपील 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडं, दुसरं 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. विनाकारण उशिरासाठी अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. अपिलात "शोध कधी, कुणी, कोणत्या दप्तरात घेतला ते लेखी द्यावं" असं मागा. जुनी पोर्तुगीज काळातली नोंद असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यातही चौकशी करा. तालुक्यात न मिळालेल्या नोंदी तिथं मिळाल्याची उदाहरणं आहेत.

13. दयानंद सामाजिक सुरक्षा किंवा गृह आधार योजनेचे दरमहाचे पैसे अचानक थांबले. कुठं जाऊ?

आधी बँकेत. हयातीचा दाखला दिलेला नसणं, खातं बंद पडणं किंवा बँकांच्या विलीनीकरणात खात्याचे तपशील बदलणं ही नेहमीची कारणं. 2020 मध्ये कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट कॅनरा बँकेत गेली, त्यानंतर ग्राहकांचे शाखासंकेतांक (IFSC) बदलले. तिथं सगळं ठीक असेल तर गृह आधारसाठी महिला व बालविकास खातं, दयानंदसाठी समाज कल्याण खातं. ऐंशीच्या घरातल्या आजीला न कळवता पैसे थांबवणं आम्हाला मुळीच मान्य नाही. थांबवण्याआधी घरी पत्र जायलाच हवं.

14. वीज खात्याची तक्रार कोणी ऐकत नसेल तर?

1912 वर तक्रार करून क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

15. पैसे मागितले तर? आणि नाइलाजानं दिले असतील तर?

पैसे मागणं हाच गुन्हा आहे, देईपर्यंत थांबायची गरज नाही. दक्षता खात्याच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाकडं आधीच जा म्हणजे सापळा लावता येतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर 7 दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं. ही मुदत फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ओळखीच्या सगळ्यांना सांगा.

16. कर्मचारी वाढवले तर काम वेगानं होईल?

जिथं तलाठ्याकडं दोन-तीन सज्जे आहेत, तिथं नक्की होईल. पण सरसकट भरतीनं नव्हे. कुठल्या टेबलावर किती अर्ज येतात ते मोजून माणसं द्यायला हवीत. पणजीच्या कचेरीत गर्दी आणि धारबांदोड्यात रिकामी खुर्ची, अशी वाटणी उपयोगाची नाही. भरती गुणवत्तेवर होणंही तितकंच महत्त्वाचं आहे. 2019 च्या कायद्यानं कर्मचारी निवड आयोग आला आणि संगणकावर परीक्षा सुरू झाल्या, तो योग्य रस्ता आहे. 2024 मध्ये नोकरी लावतो म्हणून पैसे उकळल्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या. ज्या घरानं नोकरीसाठी दागिने गहाण टाकले, त्या घराचं दुःख आम्ही जवळून पाहिलं आहे. आयोगाला वगळून कुठलीही भरती होऊ नये.

17. स्वयंपूर्ण मित्रांकडून काम होतं का?

ऑक्टोबर 2020 पासूनच्या स्वयंपूर्ण गोवा मोहिमेत सरकारी अधिकारी 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून पंचायतीत येऊन बसतात. योजना समजून घ्यायला आणि अर्ज भरायला त्यांची मदत होते, ती जरूर घ्या. अडलेल्या फाइलवर सही करण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. सांगितलेली अडचण लिहून घ्यायला लावा. तशाच अडचणी गावात बऱ्याच जणांना असतील तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचं काय झालं ते विचारा.

18. लोकायुक्तांकडं तक्रार करून फायदा होतो का?

गैरकारभाराची चौकशी ते करतात, पण शेवटी शिफारस सरकारकडंच जाते. 2020 मध्ये निवृत्त होताना न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी आपल्या अहवालांवर सरकारनं कारवाई केली नाही, अशी उघड खंत व्यक्त केली होती. लोकायुक्तांची शिफारस नाकारायची तर कारण विधानसभेत मांडावं आणि त्यावर चर्चा व्हावी, असं आमचं मत आहे. साध्या विलंबासाठी मात्र हा मार्ग लांबचा, आधी प्रश्न 4 आणि 10 मधले उपाय करा.

19. सगळं करून झालं. आता काय?

पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आहे. "माझ्या बाजूनं निकाल द्या" अशी मागणी न करता "माझ्या प्रलंबित अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय घ्यावा, असा आदेश द्यावा" एवढीच विनंती करता येते. अर्जाच्या पोचा, स्मरणपत्रं, माहिती अधिकारातलं उत्तर आणि अपिलाचे आदेश तारखेच्या क्रमानं लावून न्या. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.